दुसरी लाइन टाकू नये

आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर पूर्ण भरवसा ठेवू नका. मस्कत सोडून बरीच वर्षं झाली. कोण काय बोललं ते मला स्पष्ट आठवतं असं मला वाटतं, पण अलीकडे गोळी घेतली की नाही हेही मला स्पष्ट आठवतं असं वाटतं, आणि बायको डबी उघडून दाखवते की ती तशीच आहे. तेव्हा माप थोडं कमी धरूनच वाचा.

मस्कतच्या गाला औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनखाली कतरण साचायची. ती गोळा कुणी करत नव्हतं, फेकतही कुणी नव्हतं. किश्श्यांचंही तसंच झालं. आमची जुनी मस्कतकर मंडळी वर्षातून एकदा ठाण्यात जेवायला जमतात, तेव्हा प्रत्येक जण आपापली कतरण काढतो. माझ्याकडची बहुतेक एकाच वर्षाची आहे. ते वर्ष आठवलं की मला अजूनही राग येतो. नेमका कुणाचा, हे मात्र आता पूर्वीइतकं ठामपणे सांगता येत नाही.

*

आम्ही लोखंडी कपाटं बनवायचो. पुण्यात शेजाऱ्यांना बायको तेवढंच सांगायची. ती कपाटं बंदुका ठेवायची असतात, हे सांगायची नाही. मीसुद्धा नोकरीला लागलो तेव्हा मला फायलींची कपाटंच वाटली होती. धातुशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस, नमुन्याचं कपाट उघडून मी विचारलं होतं, "यात फायली उभ्या का ठेवायच्या?"

सगळा माल अमेरिकेत जायचा. ओमानमधून गेलेल्या मालावर तिकडे जकात लागत नव्हती, एवढंच आमच्या धंद्याचं रहस्य.

या डॉक्टरेटचा कारखान्यात एकच उपयोग झाला. पहिल्याच आठवड्यात एक वेल्डर पँट वर करून माझ्या टेबलापाशी उभा राहिला. म्हणाला, "डॉक्टरसाब, घुटना देखो."

मी लोखंडाचा डॉक्टर आहे, असं त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "इसमें भी रॉड डाला है."

*

दोन हजार तेराच्या आसपासची गोष्ट. तिकडे अमेरिकेत एका शाळेत लहान मुलं गोळ्या घालून मारली गेली. मी मस्कतमध्येच कुरुमच्या एका दुकानात रांगेत उभा असताना टीव्हीवर पाहिलं आणि हातातलं सामान तिथेच ठेवून घरी आलो. आता तिकडे बंदुकांचा कायदा कडक होणार, असं सगळे म्हणू लागले. कायदा यायच्या आत घेऊन ठेवू म्हणून लोक बंदुकांच्या दुकानांपुढे रांगा लावू लागले. आणि बंदूक घेतली की कपाट आलंच.

आमचा तिकडचा खरेदीदार डग नावाचा गृहस्थ होता. त्याची मेल आली. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, 'आनंदाची बातमी'.

मी ती मेल दोन वेळा उघडली आणि दोन वेळा बंद केली. आमचे जनरल मॅनेजर करंदीकर, पुण्याचेच, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, एमबीए. ते माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाले, "काय डॉक्टर, आनंदाची बातमी वाचलीत का?"

मी म्हटलं, "ती मुलं सहा-सात वर्षांची होती."

 करंदीकर म्हणाले, "हो, ते वाईटच झालं. पण आपली मुलं इथे इंडियन स्कूलला आहेत."



*

डगला दुप्पट माल हवा होता. दुप्पट माल म्हणजे दुसरी लाइन: पावडर कोटिंगची आणखी एक भट्टी, आणखी एक प्रेस, आणखी वीसेक माणसं आणि त्यांचे व्हिसा. करंदीकर तयारच होते. जागासुद्धा त्यांनी खडूने आखून ठेवली होती. अर्बाब म्हणजे आमचे ओमानी मालक. ते म्हणाले, डॉक्टर अभ्यास करून लेखी देईल, मग ठरवू. मला तर भाजी घ्यायची तरी दोन दुकानं फिरल्याशिवाय चैन पडत नाही. मी डगला फोन लावला. त्याची सकाळ, आमचे संध्याकाळचे पाच.

मी विचारलं, "नक्की किती कपाटं लागतील?"

"तुम्ही कराल तेवढी."

"किती महिने?"

"सांगता येत नाही. पण खूप."

"हे लिहून द्याल?"

तो हसला. म्हणाला, "डॉक्टर, विश्वास नावाची काही गोष्ट असते."

मग मला एक शंका आली. मी विचारलं, "तुमच्याकडे बंदुका बनवणारे जे कारखाने आहेत, ते या मागणीसाठी नवे कारखाने टाकताहेत का?"

"छे," डग म्हणाला, "ते कशाला टाकतील? मुरलेली माणसं आहेत ती. अशा लाटा त्यांनी आधी पाहिल्यात. दीड-दोन वर्षांत सगळं थंड पडणार, हे त्यांना ठाऊक आहे. ते फक्त ओव्हरटाइम करून घेतात."

मी समोरच्या कागदावर 'दीड-दोन वर्षं' असं लिहून घेतलं.

मग डग म्हणाला, "पण तुम्ही टाका."

*

मी चौदा पानांचा अहवाल लिहिला. आलेख होते, तक्ते होते, मागच्या लाटेत काय झालं त्याचा आढावा होता. प्रत्येक वाक्य मी चार वेळा खोडलं, कारण चुकलो तर कारखान्याचं नुकसान माझ्या नावावर जाणार होतं. निष्कर्ष असा होता: ही मागणी भीतीची आहे, भीती ओसरली की ती उतरेल, सबब दुसरी लाइन टाकू नये आणि माणसं वाढवू नयेत.

अर्बाबनी मला आणि करंदीकरांना त्यांच्या बौशरच्या घरी बोलावलं. खजूर आले, कॉफी आली. करंदीकरांनी लॅपटॉप उघडून अर्धा तास दुसऱ्या लाइनचं चित्र दाखवलं. मग माझी पाळी. मी चौदा पानं पुढे केली. अर्बाबनी ती हातात घेतली, वजन बघावं तशी जरा वरखाली केली आणि उशीवर ठेवून दिली. मग भिंतीकडे बोट केलं. तिथे एक जुनी लांब नळीची बंदूक टांगलेली होती.

"डॉक्टर, ये मेरे दादा का है. दादा ने एक बार खरीदा. मेरे बाप ने नहीं खरीदा. मैंने नहीं खरीदा. ये अमरीकी लोग इस साल डर के खरीदेगा. अगले साल फिर खरीदेगा?"

मी म्हटलं, "नहीं, शेख."

"और कपाट? वो तो बंदूक से ज्यादा चलेगा." त्यांनी कॉफीची वाटी हलवून बस म्हणून परत दिली. "दूसरा लाइन नहीं. खलास."

परतताना गाडीत करंदीकर मिटलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. मलाही जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. तीन आठवडे मी झोपलो नव्हतो, आणि निकाल लागला तो भिंतीवरच्या बंदुकीवर! दारात सोडताना अर्बाब मला म्हणाले होते, "तुम्हारे पेपर में भी यही लिखा है ना?"

*

लाइन टाकायची नाही, पण ऑर्डर सोडायचीही नाही, असं ठरलं. म्हणजे माल वाढवायचा तो आहे त्याच माणसांकडून. अमेरिकेतले हुशार कारखानदार जे करत होते तेच. बारा-बारा तास. शुक्रवारची सुट्टीसुद्धा अर्धी. हे माझ्या चौदा पानांत कुठेच नव्हतं. मी लाइन टाकू नये असं लिहिलं होतं, माणसं पिळावीत असं लिहिलं नव्हतं. पण लिहिणाऱ्याला विचारतो कोण?

सगळा कारखाना शेवटी एका माणसावर येऊन अडायचा. इनास, वसईचा, पन्नाशीचा, कुलपं बसवणारा. कपाटाच्या दाराला आतून तीन बोल्ट असतात. किल्ली फिरली की तिघांनी एकदम सरकायला हवं. इनास दाराला कान लावायचा, किल्ली फिरवायचा, कानस घेऊन दोन हात मारायचा, पुन्हा कान लावायचा. तीन बोल्टांचा एकच खटका ऐकू आला की दार पास. दोन खटके आले की पुन्हा कानस. मोजमापाची सगळी यंत्रं माझ्याकडे होती, पण इनासचा कान कुठल्याच यंत्रात बसत नव्हता.

करंदीकर स्टॉपवॉच घेऊन त्याच्यापाशी उभे राहिले. एका दाराला नऊ मिनिटं. "इनास, सात मिनिटांत होणार नाही का?"

"होईल की सर," इनास म्हणाला. "कपाट कुणाच्या घरी जाणार, तुमच्या की दुसऱ्याच्या?"

मग करंदीकरांनी कुठेतरी वाचलं की संगीताने कामाचा वेग वाढतो. शेडमध्ये दोन मोठे स्पीकर लागले. सकाळी भक्तिगीतं, दुपारनंतर हिंदी गाणी. वेल्डर खूश होते. आठवड्याने कंटेनर भरताना तपासलं, तर साठ दारं अडकत होती.

करंदीकर तणतणत आले. "इनास, हे काय आहे? साठ दारं?"

इनासने स्पीकरकडे बोट केलं. "सर, त्या बाईला जरा थांबवा. मला कुलूप ऐकू येत नाही."

*

इनासच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ज्युली तिचं नाव. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस त्यांच्यात लग्न लावत नाहीत, म्हणून ईस्टर झाल्यावरचा तिसरा रविवार धरला होता. त्याने मला जानेवारीतच सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितलं. तपकिरी सूट शिवून आल्यावर मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला.

करंदीकरांना नऊ वर्षांत अरबीचा एकच शब्द आला होता, इन्शाल्ला, आणि तो ते फक्त रजेसाठी वापरायचे. कुणी रजेचं नाव काढलं की "बघू, इन्शाल्ला." डिसेंबरपासून कुणालाही रजा मिळाली नव्हती, असं निदान आम्ही सगळे म्हणत होतो.

मी इनासला विचारलं, "तुझ्या रजेचं काय झालं? मी बोलू का करंदीकरांशी?"

"नको सर. बघू."

"अरे, मुलीचं लग्न आहे. बाप नको का?"

"तिचा मामा आहे ना. तो हात धरून नेईल तिला."

मला वाटलं, बिचारा घाबरलाय. मी त्याच्या वतीने संतापलो. मला स्वतःसाठी कधी संतापता आलं नाही, दुसऱ्यासाठी मात्र चटकन जमतं. संध्याकाळी घरी बायकोला म्हटलं, "हा करंदीकर माणूस नाहीच." ती म्हणाली, "हे त्यांना सांगा, मला काय सांगता?" पण त्या वेळी मी सांगितलं नाही.

*

तो रविवार आला. गालात रविवार म्हणजे कामाचा दिवस. सकाळी सात वाजता इनास तपकिरी सूट घालून कारखान्यात आला. टायसुद्धा होता. त्यावर त्याने कामाचा निळा एप्रन बांधला, कानस घेतली आणि पहिल्या दाराला कान लावला.  एका वेल्डरने विचारलं, "इनासभाय, आज इंटरव्ह्यू है क्या?" त्याला बाकीच्यांनी गप्प केलं.

दुपारी अडीचला त्याने मोबाइल एका उघड्या कपाटाच्या मधल्या कप्प्यात उभा केला. वसईत तेव्हा चार वाजले होते. छोट्याशा चित्रात चर्च दिसत होतं, माणसं फार बारीक दिसत होती. इनास खाली वाकून बघत होता. पण प्रेस चालू, ग्राइंडर चालू, त्याला ऐकू काही येईना.

आधी पत्रा कापायचं मशीन थांबलं. मग प्रेस. मग एकेक ग्राइंडर. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी भट्टीचा पंखासुद्धा कुणीतरी बंद केला. शेडमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. फादर विचारत होते आणि मुलगी उत्तर देत होती. बारीक आवाज, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

मशीनं का थांबली हे बघायला करंदीकर केबिनमधून बाहेर आले. त्यांनी पाहिलं, दारातच उभे राहिले आणि परत आत गेले. तो चेहरा अपराधी आहे, असं मी तेव्हा ठरवून टाकलं.

पावणेतीनला इनासने मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाला, "यल्ला, चालू करा." त्या दिवशीही त्याचं एकही दार परत आलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी करंदीकरांच्या केबिनमध्ये शिरलो. दार ठोठावलं नाही. आयुष्यात मी ऑफिसात आवाज चढवल्याची ही एकच वेळ. खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो.

"लाज वाटते का तुम्हाला? पोरीच्या लग्नाला बाप नाही, आणि तुम्ही त्याचा अर्ज दाबून बसलात."

करंदीकर म्हणाले, "कुठला अर्ज?"

"खोटं बोलू नका. सगळ्या कारखान्याला माहीत आहे."

"डॉक्टर, मी खरंच विचारतोय. कुठला अर्ज?"

"तुमच्यासारखा खोटारडा माणूस मी पाहिला नाही," असं मी म्हणालो. कदाचित याहून वाईट म्हणालो असेन. बाहेर शेडमध्ये ते ऐकू गेलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते म्हणाले, "तुम्ही वयाने मोठे आहात, म्हणून ऐकून घेतो."

त्यानंतर मी तिथे होतो तोवर आमचं बोलणं फक्त मेलवर झालं. मध्ये काचेची एक भिंत होती, आम्ही एकमेकांना दिसायचो, आणि मेलच्या सुरुवातीला 'आदरणीय डॉक्टर' असायचं.

पुढचा प्रकार तुमच्या लक्षात आलाच असेल. तिकडचा कायदा बारगळला, भीती ओसरली, दुकानांपुढच्या रांगा संपल्या. पुढच्या वर्षी डगने आधी अर्धी ऑर्डर कमी केली, मग आणखी अर्धी. त्याच्या मेलच्या विषयाच्या ओळीत आता काहीच नसायचं. आमच्या आवारात भरलेले चार कंटेनर उन्हात उभे राहिले. आजूबाजूच्या ज्या कारखान्यांनी कुठल्या ना कुठल्या तेजीत माणसं वाढवली होती, त्यांची माणसं गठ्ठ्यानं परत जाताना आम्ही पाहिली होती. आमच्याकडचा एकही माणूस परत गेला नाही. मीटिंगमध्ये करंदीकर अर्बाबना म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो, लाइन नको." मी तेव्हा टेबलाखाली मूठ आवळून बसलो होतो.

*

आता शेवटचं. मागच्या जेवणाला नेरुरकर आला होता. नेरुरकर कुडाळचा, आमच्या कारखान्यात ॲडमिनला होता. रजेचे फॉर्म, व्हिसा, तिकिटं सगळं त्याच्याकडे. मी नेहमीप्रमाणे करंदीकरांचा आणि दाबलेल्या अर्जाचा किस्सा सांगितला. सगळ्यांनी नेहमीप्रमाणे करंदीकरांना शिव्या घातल्या. नेरुरकर जेवत राहिला.

हात धुताना तो माझ्या शेजारी आला. "डॉक्टरसाहेब, रागावणार नसाल तर सांगतो. इनासला फॉर्म मी स्वतः दिला होता. जानेवारीत."

"मग? त्याने भरला, आणि करंदीकरांनी—"

"ऐका तर. त्याने विचारलं, मी गेल्यावर माझ्या जागी कोण? मी म्हटलं, सोहारच्या कारखान्यात एक कुलपं बसवणारा आहे, करंदीकर त्याला आणवतील. तू पंधरा दिवस त्याला शिकव आणि खुशाल जा. महिनाभर राहा. त्याने विचारलं, मी परत आलो की तो कुठे जाणार? मी म्हटलं, ते काही ठरलेलं नाही, काम वाढलंय, दोघंही राहाल."

नेरुरकरने नळ बंद केला.

"मग तो म्हणाला, डॉक्टरसाहेबांनी रिपोर्टात काय लिहिलंय ते वाचून दाखव. तुमच्या रिपोर्टाचा शेवटचा कागद माझ्याकडे टायपिंगला होता. मी वाचून दाखवला. मागणी उतरेल, तेव्हा वाढवलेली माणसं कमी करावी लागतील. त्याने ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग फॉर्म चार घड्या करून खिशात ठेवला आणि म्हणाला, डॉक्टर म्हणतात लाइन वाढवू नका, तर मी तरी दुसरा माणूस कशाला वाढवू?"

मी म्हटलं, "तू विसरला असशील. इतकी वर्षं झाली." मला माझ्याच आठवणीचा भरवसा नाही, तर नेरुरकरच्या कसा असणार?

तो म्हणाला, "बरं, खात्री करून देतो." त्याच्या जागेवर आता जो मुलगा बसतो, त्याला त्याने सांगितलं. पंधरा दिवसांनी माझ्या मोबाइलवर फोटो आले. त्या वर्षीच्या रजेच्या रजिस्टरची पानं, जानेवारी ते मे. मी ती मोठी करून, चष्मा लावून, आणि नंतर बायकोलाही बसवून, ओळ न् ओळ वाचली.

अकरा अर्ज आले होते. अकराही मंजूर झाले होते, खाली करंदीकरांची सही होती. इनासचा अर्ज त्यात नव्हता.